पांढरं नानांचं, पिवळं आईंचं

आमच्या सासऱ्यांना इमारतीतली पोरं ‘दोनशे ऐंशी’ म्हणायची. तोंडावर नाही, पण जिन्यात त्यांची चप्पल वाजली की खालून वर बातमी जायची, "ए, दोनशे ऐंशी आला रे!" नानांना हे ठाऊक होतं आणि त्याचा त्यांना राग नव्हता. उलट कोणी नवा भाडेकरू राहायला आला की ते स्वतःच नावाआधी आकडा सांगायचे. "दोनशे ऐंशी होतं माझं. कोलेस्टेरॉल. डॉक्टर म्हणाले, तुम्ही चालताय कसे?" मुलाचे बोर्डातले मार्क सांगावेत अशा थाटात. समोरच्याने डोळे मोठे केले की नानांचा दिवस छान जायचा. या माणसाच्या घरात मी सहा वर्षं सून म्हणून राहिले आणि तो मला कधीही आवडला नाही. हे आधीच सांगून टाकलेलं बरं.

डोंबिवलीला रामनगरात तिसऱ्या मजल्यावर आमचं घर, लिफ्ट नाही. नाना पाणीपुरवठा खात्यात ओव्हरसियर होते. निवृत्त झाल्यावर त्यांना तपासायला एकच पाइपलाइन उरली, ती स्वतःची. "शरीर म्हणजे दुसरं काय? नळ. गाळ साचला की संपलं," असं ते जेवताना हमखास म्हणायचे. गाळ म्हणजे तूप, लोणी, साय, खोबरं, दाण्याचं कूट. सत्त्याऐंशी साली तो प्रसिद्ध रिपोर्ट आला आणि आठवड्याभरात हे सगळं घरातून हद्दपार झालं, तेही सगळ्यांसाठी. एकदा तर त्यांनी गणपतीत मोदकाच्या सारणात खोबऱ्याऐवजी दुधी घालून बघा, अशी सूचना केली. सासूबाई, म्हणजे आमच्या आई, त्यांच्यापुढे कधी बोलायच्या नाहीत. त्या दिवशी मात्र खवणीवरची मान वर न करता म्हणाल्या, "देवाला नसतं हो कोलेस्टेरॉल." आईंनी नवऱ्याला दिलेलं माझ्या ऐकण्यातलं हे एकमेव उलट उत्तर.

मी ठाण्याच्या चेंदणी कोळीवाड्यातली. माझी आई मार्केटात मासे विकायची. मी शिकून नोकरीला लागले आणि तिथेच सुहास भेटला. कोळ्यांची मुलगी आणि ब्राह्मणाचा मुलगा, म्हणजे आता घरी रणकंदन होणार म्हणून आम्ही दोघं कंबर कसून बसलो होतो. नाना आमच्या घरी आले, चहाला नको म्हणाले आणि माझ्या बाबांना एकच प्रश्न विचारला, "तुमच्यात हार्टचं कोणाला आहे?" बाबा गडबडले. म्हणाले, कोणालाच नाही, आजोबा नव्वदीत गेले, शेवटपर्यंत जाळी विणत होते. नाना खूश. मासळीमुळे रक्त पातळ राहतं असं काहीतरी पुटपुटले आणि लग्न ठरलं. त्यांनी जात आडवी आणली नाही, हे त्यांच्या बाजूने लिहून ठेवते. त्यांच्या बाजूने लिहिण्यासारखं माझ्याकडे फार नाही.

त्या घरात अंडं आलं ते काही माझ्यामुळे नाही. माझ्या बऱ्याच आधी नानांना टायफॉइड झालेला, तेव्हा डॉक्टरांनी ताकदीसाठी अंडी सांगितली होती. अंडी गॅलरीत उकडायची. त्यासाठी वेगळा वातीचा स्टोव्ह, वेगळं पातेलं, वेगळा चमचा. आणायची ती पिशवीत कोथिंबिरीच्या जुडीखाली लपवून. टरफलं वर्तमानपत्रात गुंडाळून स्टेशनजवळच्या कचराकुंडीत टाकायची, कारण इमारतीच्या डब्यात दिसली तर समोरचे जोशी काय म्हणतील! जोशांच्या घरची पुडीही त्याच कुंडीत जायची, हे मला पुढे सुहासने सांगितलं. माझी आई पहिल्यांदा डोंबिवलीला आली ती घरच्या कोंबड्यांची अंडी उघड्या टोपलीत घेऊन, तिन्ही जिने चढून. नानांनी एक अंडं उजेडात धरून विचारलं, गावठी अंड्यात कोलेस्टेरॉल कमी असतं का? आई म्हणाली, "अवो व्याही, अंडाच हाय. रिपोट नाय त्याचा." मला हसू दाबता दाबता ठसका लागला. नाना गंभीरच होते.

रिपोर्टनंतर डॉक्टरांनी त्यांना पिवळं बंद करायला सांगितलं. पांढरं चालेल म्हणाले. तिथून त्या घरातला रोजचा सोहळा सुरू झाला. सकाळी नाना फिरून आले, की त्यांच्यापुढे चार उकडलेली अंडी ठेवायची. मग ते शिवणाचा दोरा घेऊन प्रत्येक अंडं मधोमध कापायचे. सुरीला पिवळं चिकटतं आणि मग पांढऱ्याला लागतं, म्हणून दोरा. चमच्याने पिवळं उचलून वाटीत. एक कण राहिला तर तो नखाने काढायचे. चारही अंडी अशी साफ झाली की पांढऱ्याला मिरपूड लावून खायचे आणि पिवळ्याची वाटी पालथ्या हाताने बाजूला सरकवायचे. तिकडे बघायचेसुद्धा नाहीत. ती वाटी आईंपुढे यायची.

आईंनी पन्नाशीपर्यंत अंडं तोंडात घातलेलं नव्हतं. उकडताना वास यायचा म्हणून त्या पदर नाकाला लावायच्या. पण अन्न टाकायचं नाही, हा त्या घरातला कायदा, आणि उरलेलं बाईने संपवायचं, हे तर कोणी कायदा म्हणूनही सांगत नसे. नानांनी वर त्याला शास्त्राचा आधार दिला. "पिवळ्यात लोह असतं. बायकांना लोह लागतं. औषध समजून खा." मग आई उभ्यानेच, ओट्याशी, डोळे मिटून एकेक गोळा गिळायच्या आणि वर भांडंभर पाणी प्यायच्या. सुहास आणि मी सातच्या आत घराबाहेर पडायचो, त्यामुळे मला हे कळलं तेच एका रविवारी. मी म्हटलं, "अहो आई, आवडत नाही तर कशाला खाता? कावळ्याला घाला." त्या म्हणाल्या, "गॅलरीत कावळ्याला अंडं घातलं तर सगळी इमारत बघेल गं." रविवारची वाटी मी माझ्याकडे ओढून घ्यायला लागले. मला आपलं पिवळंच आवडतं. बाकीचे दिवस मात्र आईंचेच राहिले.

नाना लोकांकडे जेवायला गेले की आम्हाला जमिनीने पोटात घ्यावं असं वाटायचं. कल्याणला सुहासच्या मावसबहिणीचा साखरपुडा होता. पंगतीत मुलाचे वडील जिलेबी आग्रहाने वाढत होते. नाना त्यांचा हात धरून म्हणाले, "माझं राहू द्या. तुमचं किती आहे?" त्या बिचाऱ्यांना वाटलं, हुंड्याबिंड्याचं विचारतायत. ते घाबरून म्हणाले, "आमची काहीच अपेक्षा नाही हो." नाना म्हणाले, "अहो, कोलेस्टेरॉल!" आणि नंतर पंगत उठेपर्यंत गाळ आणि नळ. पलीकडच्या पानावर आई बसल्या होत्या. त्यांच्या पानात नानांनी आपल्या पानात आधीच वाढलेल्या तीन जिलेब्या, श्रीखंड आणि पुरी, सगळं हळूच ढकललेलं. टाकायचं नाही ना! आई मुकाट्याने खात होत्या. परतताना जिना चढता चढता त्या दुसऱ्या मजल्यावर थांबल्या. मी विचारलं, तर म्हणाल्या, "काही नाही, साडी पायात येते."

साडी पायात येणं नंतर वरचेवर व्हायला लागलं. पाणी खालून भरून आणावं लागे तेव्हा एक बादली वर आली, की त्या मोरीच्या उंबऱ्यावर बसून राहायच्या. दोन खांद्यांच्या मधे दुखतं म्हणायच्या, हात चोळायच्या. नानांचं निदान तयार असायचं. "गॅस. बायकांना हार्टचं नसतं, गॅस असतो." कुठल्या पुस्तकात वाचलं होतं कोण जाणे. ओवा खा, सोडा घे, डाव्या कुशीवर झोप. स्वतःच्या छातीत कळ आली तर मात्र रिक्षा, डॉक्टर, कार्डिओग्राम. तो कार्डिओग्राम मग आल्यागेल्याला दाखवायचा.

दर तीन महिन्यांनी लॅबवाले गृहस्थ नानांचं रक्त घ्यायला घरी यायचे. तो दिवस सणासारखा. आदल्या संध्याकाळपासून नाना मोजकं बोलायचे. सकाळी बाही वर करून खुर्चीत बसायचे, आई शेजारी कापूस घेऊन उभ्या. एकदा मी मुद्दाम रजा टाकून घरी थांबले आणि म्हटलं, "काका, आज आईंचंही घ्या." लॅबवाल्यांनी सुई काढली देखील. नाना म्हणाले, "तिला काय धाड भरलीय? उगाच सुई टोचायची." लॅबवाले आईंना म्हणाले, "काकू, काही खाल्लंत का सकाळपासून?" आईंची सुटका झाली. "चहा झालाय माझा," त्या हसून म्हणाल्या. सुई परत पिशवीत गेली. मला त्या दिवशी नानांचा जेवढा राग आला, तेवढाच सुहासचा. तो पेपर वाचत बसला होता. "अरे, तू तरी बोल ना!" म्हटलं, तर म्हणाला, "नानांना यातलं कळतं गं." बापाने मुलाला चांगलं तयार केलं होतं.

मग मी माझ्या पद्धतीने केलं. त्र्याण्णवच्या नवरात्रात आईंना टेंभी नाक्याची देवी बघायला म्हणून माझ्या माहेरी घेऊन गेले. रात्री देवी, गर्दी, रोषणाई बघून त्या लहान मुलीसारख्या खुलल्या होत्या. माझ्या आईने त्यांना सांगून ठेवलं, उद्या उठल्यावर चहा नाही, पाणी फक्त. सकाळी मी त्यांना रिक्षात घालून लॅबमधे नेलं. सुई टोचताना त्यांनी माझा हात घट्ट धरला. "ह्यांना नको हं सांगू," म्हणाल्या. दोन दिवसांनी रिपोर्ट हातात आला. तीनशे बारा.

मी तो कागद घेऊन सरळ नानांपुढे उभी राहिले. त्यांनी चष्मा लावला, कागद लांब धरला, जवळ धरला. मला वाटलं घाबरतील. निदान बायकोकडे एकदा बघतील. ते म्हणाले, "शक्य नाही. हिचं माझ्यापेक्षा जास्त कसं असेल?" त्यांचा अपमान झाला होता. "हिला याचा अर्थ तरी कळतो का? ठाण्याच्या लॅबचं काही खरं नाही. मार्चमधे माझी टेस्ट आहे, तेव्हा हिचंही आपल्या लॅबमधे घेऊ. मग बघू." मी म्हटलं, "नाना, मार्चला पाच महिने आहेत. आणि तुमची टेस्ट तर दर तीन महिन्यांनी असते." "डिसेंबरला एकदम दोघांची नको. खर्चाचं नाही म्हणत मी. पण माझी नीट होऊ दे आधी." हे शब्द जसेच्या तसे लिहितेय.

मी आईंना डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी गोळ्या दिल्या, हृदयाची पट्टी काढली, चालवून बघायची ती टेस्ट लवकर करून घ्या म्हणाले आणि पिवळं, तूप, गोड बंद सांगितलं. गोळ्या आठवडाभर चालल्या. मग नानांनी त्या स्वतःच्या औषधांच्या डब्यात ठेवून दिल्या. आधी खात्रीची टेस्ट, मग गोळ्या, असा त्यांचा नियम. मी भांडले. मोठ्याने भांडले, जोशांच्या घरापर्यंत ऐकू जाईल असं. नाना म्हणाले, "सूनबाई, मी सहा वर्षं यात आहे. तुम्ही काल आलात." मी नव्या गोळ्या आणून आईंच्या कपाटात साडीखाली ठेवल्या. त्या घ्यायच्या का? कधी घ्यायच्या, कधी राहून जायच्या. नवऱ्याच्या चोरून काही करायची सवय नव्हती त्यांना. आणि ती वाटी? मी विचारलं तेव्हा त्या माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "टाकवत नाही गं. आणि हे समोरच बसलेले असतात."

चालवून बघायच्या टेस्टसाठी मी दोनदा तारीख घेतली. एकदा नानांना सर्दी होती, घरी कोणीतरी हवं. दुसऱ्यांदा त्यांच्या फिरायच्या ग्रुपची मंडळी जेवायला यायची होती. फेब्रुवारीत एका दुपारी आई धुणं वाळत घालायला गच्चीवर गेल्या आणि परत येताना जिन्यातच बसल्या. जोशीकाकूंनी त्यांना बघितलं. मी ऑफिसातून पोचेपर्यंत सगळं संपलं होतं. बाहेरच्या खोलीत डॉक्टर लिहायला बसले होते. त्यांनी विचारलं, "यांना आधी काही त्रास होता का?" आणि नाना, डोळे लाल, आवाज भरलेला, अगदी मनापासून म्हणाले, "नाही हो. तिला काहीच नव्हतं. जे काय होतं ते मलाच होतं."

लोक म्हणतात, तू फार कठोर बोलतेस. नानांचे वडील चाळिशीत छातीत कळ येऊन गेले होते, त्यांना ती भीती आयुष्यभर होती. असेल. भीती मला समजते. स्मशानातून आल्यावर ते लहान मुलासारखे रडले, तेही मी बघितलं आहे, आणि ते रडणं खोटं नव्हतं. पण घरात भ्यायचा हक्क एकालाच असावा आणि दुसऱ्याने कापूस घेऊन उभं राहावं, हे मला तेव्हा पटलं नाही आणि आजही पटत नाही. हल्ली तर डॉक्टर म्हणतात, पिवळं आम्ही समजत होतो तेवढं काही वाईट नाही, माणसागणिक फरक असतो, अंगातलं कोलेस्टेरॉल बरंचसं शरीरच तयार करतं. सुहासने ही बातमी मला मोठ्या आशेने वाचून दाखवली होती. मी म्हटलं, ठीक आहे, अंड्यावरचा आरोप मी मागे घेते. माझं भांडण अंड्याशी नव्हतंच.

तेराव्यानंतरच्या आठवड्यात मी नानांपुढे चार अंडी ठेवली. ते शांतपणे दोऱ्याने कापत होते. कण नखाने काढला. मग पालथ्या हाताने वाटी सरकवली, ती या वेळी माझ्यापुढे आली. "घे. टाकू नको. लोह असतं त्यात." मी ती वाटी उचलली आणि त्यांच्याच ताटात उलटी केली. त्यांनी माझ्याकडे बघितलं, ताटाकडे बघितलं आणि उठून हात धुतले. सुहास दारात उभा होता. त्या वेळी मात्र त्याने पेपर हातात घेतला नाही. पुढच्या उन्हाळ्याच्या आत आम्ही माजिवड्याला भाड्याची जागा घेतली. नानांकडे पोळीभाजीला बाई ठेवली, दर रविवारी सुहास जायचा, मी सणावारी. माझ्याशी ते नीट बोलायचे. मी त्यांच्याशी जेवढ्यास तेवढं.

नव्याण्णव साली मोरीत पाय घसरून ते पडले, खुब्याचं हाड मोडलं, मग छातीत कफ झाला आणि त्यातच गेले. फिरायच्या ग्रुपने इमारतीच्या गच्चीवर शोकसभा ठेवली होती. सतरंज्या, फोटोला हार, नानांच्या वयाची बरीच मंडळी आणि मागे भिंतीला टेकून त्यांच्या बायका. एका गृहस्थांनी भाषण केलं. "शिस्त शिकावी तर नानांकडून. दोनशे ऐंशीवरून एकशे सत्तरवर आणलं त्यांनी. शेवटच्या रिपोर्टातही एकशे सत्तर!" काही लोकांनी चक्क माना डोलावल्या. मग ते माझ्याकडे वळून म्हणाले, "सूनबाईंनी दोन शब्द बोलावेत. त्यांनी नानांचं पथ्यपाणी जवळून पाहिलंय."

मी उठले. सुहासने माझ्याकडे बघितलं, पण अडवलं नाही. मी म्हटलं, "नानांचं एकशे सत्तर होतं हे खरं आहे. आमच्या आईंचं तीनशे बारा होतं. ते एकदाच मोजलं." आणि खाली बसले.

भाषणवाल्या गृहस्थांनी घाईघाईने दोन मिनिटं शांतता जाहीर केली. सभा संपल्यावर मी सतरंज्यांच्या घड्या घालत होते, तर जोशीकाकू जवळ आल्या. दुसरं टोक धरलं. नवरा जिन्याने खाली उतरला याची खात्री करून हळूच म्हणाल्या, "अगं, ती टेस्ट कुठे करतात? माझी कधी केलीच नाही कोणी. ह्यांची दरवर्षी होते."

"उद्या रजा आहे माझी," मी म्हटलं. "सकाळी काही खाऊ नका, चहासुद्धा नको. सातला खाली येऊन थांबा. मी येते."